साथ, संशोधन आणि वॉर्डातली माणसे



व्याख्यानमालेच्या ह्या व्यासपीठावरून आपण आजवर संतवाङ्मयावर, इतिहासावर, शेतीवर अधिकाराने बोलणारी मंडळी ऐकली आहेत. माझे शिक्षण सातवीत सुटले. जिनिंगमध्ये हमाली करता करता मी युनियनच्या कामात पडलो, आणि जे काही वाचले ते रात्री, कामगारांच्या अर्जांचे कागद बाजूला सारून वाचले. असा मनुष्य साथीच्या रोगांच्या संशोधनावर बोलायला का उभा राहिला, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एक बाई आल्या. एका इस्पितळात त्या कंत्राटी सफाईकाम करीत. इस्पितळाचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. क्षयाच्या वॉर्डात सात वर्षे त्यांनी थुंकीची भांडी धुतली, फरशी पुसली, चादरी उचलल्या. मग त्यांनाच खोकला लागला, ताप राहू लागला, आणि तपासणीत क्षय निघाला. कंत्राटदाराने त्यांना कामावरून कमी केले. आम्ही भरपाईचा अर्ज केला. महिन्याभराने टंकलिखित उत्तर आले, की सदर रोग सदर इस्पितळातील कामामुळेच जडला, ह्याचा पुरावा अर्जदाराने सादर करावा.

तो कागद मी कितीदा तरी वाचला. जंतू काही शिक्का मारून शरीरात शिरत नाही. तो वॉर्डात शिरला की एस.टी.च्या गर्दीत, हे त्या बाईंनी सिद्ध कसे करायचे? इस्पितळात काम करणाऱ्यास रोग लागतो हे कधी कोणी मोजून पाहिले आहे काय, असा प्रश्न मला पडला. उत्तराच्या मागे लागून मी मागे मागे जात राहिलो, तो १८९६ सालच्या मुंबईपर्यंत जाऊन पोहोचलो.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात दवाखाना चालविणारे डॉ. अकासियो व्हिएगस ह्या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी, हा साधा ताप नसून गाठीचा प्लेग आहे, असे जाहीरपणे सांगितले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि वखारी म्हणजे उंदीर. पण उंदराचा संबंध तेव्हा कोणालाच नीट उमगलेला नव्हता. सरकारने रोग्यांस घरातून उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात न्यायला आरंभ केला. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. ऑक्टोबरच्या २९ तारखेस सुमारे हजार गिरणीकामगार ह्या इस्पितळावर चालून गेले, मोडतोड केली, नोकरांस मारहाण केली. त्यांचे म्हणणे असे, की येथे गेलेला मनुष्य परत येत नाही. येथे माणसे मारतात.

मी कामगारांच्या बाजूचा माणूस. तरी ही हकीकत वाचताना मला कोणाच्या बाजूला उभे राहावे ते कळेना. चाळीत पोलीस घुसतात, बायकांच्या काखा-जांघा परके पुरुष तपासतात, बापाला डोलीत घालून नेतात आणि चार दिवसांनी तो गेल्याचे कळते, अशा वेळी माणूस दगड उचलणार नाही तर काय करील? पण ज्यांना त्या दिवशी मार बसला ते तरी कोण होते? डोली वाहणारे, मैला उचलणारे, रोग्याला पाणी पाजणारे, पगारदार गरीबच. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला, त्यात सरकारी अंमलदारांस हवे ते अधिकार मिळाले. ह्याच कायद्याला तब्बल १२३ वर्षांनी, २०२० साली कोरोनाच्या काळात, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात टाकणाऱ्यास शिक्षा सांगणारी दुरुस्ती जोडण्यात आली. आर्थर रोडवरच्या त्या माणसांना ती जरा उशिरानेच मिळाली म्हणायची!

कायदा झाला त्याच आठवड्यात, ९ फेब्रुवारीला, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने गेले. आमच्या चळवळीतल्या माणसाने हे नाव घेताना क्षणभर थांबावे. १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांची पहिली संघटना त्यांनी उभी केली, 'दीनबंधु' पत्र चालविले, आणि आज आपण ज्या रविवारी सुटी घेतो ती १८९० साली मिळाली ती मुख्यतः त्यांच्या खटपटीने. साथ आली तेव्हा ते मुंबई सोडून गेले नाहीत. रोग्यांच्या मदतीच्या कामात पडले आणि त्यातच गेले. महिना लोटला, आणि १० मार्चला पुण्याजवळ सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव ह्यांनी ससाणे मळ्यात प्लेगचा दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका रोगी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घालून तेथे आणले असे सांगतात. जे. जे. इस्पितळातले गोरे डॉक्टर मॅन्सर हेही त्याच जानेवारीत प्लेगला बळी पडले होते.

आता संशोधनाकडे वळू. वाल्देमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू गृहस्थ. पटकीची लस घेऊन ते आधी कलकत्त्यास येऊन गेले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने त्यांना मुंबईस आणले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहानशी जागा आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई एवढा सरंजाम मिळाला. तीन महिने अहोरात्र काम चालले. ह्या मदतनिसांपैकी एकाचे डोके ताणाने बिघडले आणि दोघे काम सोडून गेले, असे चरित्रकार एका वाक्यात सांगून पुढे जातात. ते वाक्य मला पुढे जाऊ देत नाही. जिवंत प्लेगचे जंतू मटणाच्या रश्श्यात वाढविलेले, त्या बाटल्या उचलायच्या, धुवायच्या, फोडायच्या. आणि महिन्याचा पगार तो काय असेल! हाफकिनना कीर्ती मिळाली, आणि ती रास्तच होती. शिपायांची नावे मात्र मला कोठे छापलेली सापडली नाहीत.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि तीही मोठ्या मात्रेत. ह्या गोष्टीला मी मनापासून नमस्कार करतो. मग महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे कैदी तयार झाले त्यांना टोचले आणि बाकीच्यांना तसेच ठेवले. दोन्ही गटांचे अन्न एक, कोठड्या एक, काम एक. टोचलेल्यांत रोग अगदी थोड्यांना झाला, न टोचलेल्यांत पुष्कळांना झाला आणि काही दगावले. शास्त्राच्या दृष्टीने याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण. जगभर त्याचा गाजावाजा झाला. परंतु कैद्याची 'संमती' ती कोणती? ज्याला उठायला, बसायला, जेवायला परवानगी लागते, त्याने 'मी राजीखुशीने तयार आहे' म्हणणे म्हणजे कंत्राटी कामगाराने कोऱ्या कागदावर अंगठा देण्यासारखेच. लस खरोखर उपयोगी होती म्हणून हा प्रश्न कोणी विचारला नाही. ती निरुपयोगी निघती तर?

ह्यापेक्षाही मला जास्त मोलाची वाटते ती आर्थर रोड इस्पितळातली एक गोष्ट, जी आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. तेथील मुख्य डॉक्टर होते नसरवानजी होरमसजी चोक्सी. लुस्तिग ह्या इटालियन प्राध्यापकाने प्लेगवर एक सीरम काढले होते, म्हणजे जंतू टोचून तयार केलेल्या जनावराच्या रक्तातला द्रव. हे सीरम दिलेले रोगी अधिक वाचतात असा दावा होता. पण कोणत्या रोग्याला द्यायचे हे डॉक्टरच ठरवू लागला, तर तो नकळत धडधाकट दिसणाऱ्यालाच देईल आणि मग सीरमचे कौतुक होईल. म्हणून चोक्सींनी असा नियम केला, की इस्पितळात येणाऱ्या रोग्यांपैकी एकाआड एकाला सीरम द्यायचे. पहिल्याला दिले, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला दिले. मग मोजायचे. फरक दिसला, पण बेताचाच. चमत्कार काही घडला नाही, आणि त्या बेताच्या फरकावरही पुढे वाद झाला. तरीही ही पद्धत फार मोठी. आज कोणतेही नवे औषध बाजारात येण्यापूर्वी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रोग्यांचे दोन गट पाडून तपासतात. त्याच विचाराचे हे जुने रूप, आणि ते मुंबईत, पालिकेच्या इस्पितळात, एका पारशी डॉक्टराने राबविले.

हे आपणास फार जुने वाटत असेल तर २०२० साल आठवा. कोरोनातून बरे झालेल्याच्या रक्तातला प्लाझ्मा रोग्याला दिला म्हणजे तो वाचतो, अशी समजूत तेव्हा घरोघर पसरली होती. आपल्यापैकीही कित्येकांनी प्लाझ्मासाठी फोन केले असतील, मीही केले. त्याच वर्षी एप्रिल ते जुलै ह्या काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ इस्पितळांत ४६४ रोगी घेऊन, चिठ्ठ्यांच्या पद्धतीने गट पाडून, ते तपासले. प्लाझ्मा दिल्याने ना मृत्यू कमी झाले ना रोगाचा जोर वाढायचा थांबला. एवढे कळायला जे रोगी गटात उभे राहिले, त्यांचे आपल्यावर ऋण आहे.

असो. मला मूळ प्रश्नाकडे यायचे आहे, वॉर्डात काम करणाऱ्याकडे.

प्लेगच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच डॉक्टरांना एक विलक्षण गोष्ट दिसून आली होती. प्लेगच्या इस्पितळात रात्रंदिवस रोग्यांची सेवा करणाऱ्या परिचारिका, झाडूवाले, स्वयंपाकी, एवढेच काय, रोग्याच्या उशाशी बसणारे नातलग ह्यांना प्लेग क्वचितच होई. साथीच्या दिवसांत चाळीपेक्षा इस्पितळ सुरक्षित! हा रोग माणसाकडून माणसाला स्पर्शाने लागत असता तर आधी मेली असती ती हीच माणसे. मग तो येतो कोठून? इस्पितळाच्या नोकरांची प्रकृती हाच येथे पुरावा होता, पण तो नीट वाचायला दहा वर्षे गेली.

पॉल-लुई सिमों हा फ्रेंच डॉक्टर मुंबईत काम करून कराचीला गेला. जून १८९८ मध्ये त्याने दाखवून दिले, की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू दुसऱ्या उंदराला प्लेग देते. त्याचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही; उलट हसले. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन ह्या डॉक्टरांनी पाहिले, की राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मरताहेत आणि त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा आहेत. १९०५ साली नवे प्लेग संशोधन मंडळ नेमले गेले. परळच्या प्रयोगशाळेत, आज जिला हाफकिन संस्था म्हणतात तेथे, जाळ्यांचे पिंजरे करून, पिसवा उड्या मारू शकतील न शकतील अशा उंचीवर प्राणी टांगून, त्यांनी सगळा मामला निर्विवाद सिद्ध केला. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते, आणि पिसू ऊब शोधीत दुसऱ्या अंगावर जाते. दुसरा उंदीर न मिळाल्यास माणूस. आपल्या आज्या 'उंदीर पडायला लागले, आता गाव सोडा' म्हणत आणि रानात झोपड्या बांधून राहत, ते पिसवेचे नाव न घेताही बरोबरच होते. आणि ज्या कामगाराच्या चाळीत वखारीशेजारी उंदीर होते तोच मरत होता, ह्याचा अर्थ रोग घराच्या दशेत होता, हेही सिद्ध झाले.

लोखंडे आणि सावित्रीबाई इस्पितळाच्या स्वच्छ वॉर्डात बसून राहिले नाहीत. ते चाळीत, वस्तीत, जेथे उंदीर पडत होते तेथे गेले.

प्लेगचा दुसरा प्रकार मात्र वेगळा. जंतू फुफ्फुसात शिरला की रोगी खोकतो आणि खोकल्याच्या तुषारांतून थेट शेजारच्या माणसाला रोग जडतो. तेथे पिसवेची गरज नाही. ह्याची किंमत व्हिएन्नात मोजली गेली. डॉ. हेर्मान म्युलर १८९७ साली ऑस्ट्रियाच्या पथकाबरोबर मुंबईस आले होते. परत जाताना संशोधनासाठी जंतू बरोबर नेले. ऑक्टोबर १८९८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची निगा राखणारा नोकर फ्रान्झ बारिश आजारी पडून मेला. त्याची शुश्रूषा करणारे म्युलर मेले, आणि परिचारिका अल्बिने पेखा हीही मेली. मुंबईच्या वॉर्डात महिनोन्महिने सुरक्षित राहिलेला डॉक्टर आपल्या घरी, आपल्या नोकराच्या खोकल्याने गेला. येथे निदान नोकराचे नाव इतिहासात राहिले, कारण त्याच्यापासून साथीला आरंभ झाला. नोकराचे नाव टिकते ते बहुधा असेच, काही बिघडल्यावर.

पंजाबातल्या मुलकोवाल गावचेही तेच. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे १०७ लोकांना प्लेगची लस टोचली; त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना कामावरून दूर केले. पुढे पुरावा पाहता असे दिसले, की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट न उकळता वापरला गेला. रोनाल्ड रॉससारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने १९०७ साली वर्तमानपत्रातून लिहिले तेव्हा हाफकिन निर्दोष सुटले. ठीकच झाले, अन्याय दूर झाला. पण दिवसभर एकामागून एक माणसे टोचली जात असताना त्या मदतनिसाला किती विसावा मिळाला, जवळ दुसरा चिमटा होता काय, हे विचारायचे मला अजून सुचते. आमच्या धंद्यात अपघाताची चौकशी झाली, की पहिला दोषी नेहमी खालचाच हात ठरतो.

फुफ्फुसाच्या प्लेगवर तोंडाला कापसाची घडी बांधण्याचा उपाय १९१०-११ साली मांचुरियात डॉ. वू लिएन-तेह ह्यांनी सुरू केला. त्यांची थट्टा करून मुखपट्टीशिवाय वॉर्डात गेलेले फ्रेंच डॉक्टर मेनी थोड्याच दिवसांत मेले. मग सगळ्यांनी ती बांधली.

पुढे सल्फाची औषधे आली, स्ट्रेप्टोमायसिन आले, आणि प्लेग मावळला. १९६६ नंतर भारतात त्याची नोंदच राहिली नाही. शाळेच्या पुस्तकात रँडच्या खुनापुरता तो उरला.

आणि मग १९९४ साल उजाडले, ते आपल्याच जिल्ह्यात. मामला गावचे नाव येथे कोणाला सांगायला नको. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीने सोडलेली घरे, त्यांत पडून राहिलेले धान्य, त्यावर माजलेले उंदीर, अशी साखळी तज्ज्ञांनी पुढे मांडली. ऑगस्टच्या आरंभी मामल्यात पिसवांचा सुळसुळाट झाल्याची तक्रार झाली, उंदीर पडले, आणि महिनाअखेरीस गाठी आलेले तापाचे रोगी दिसू लागले. सप्टेंबरच्या मध्यात प्लेगचा संशय उघड झाला आणि काही दिवसांतच सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. तेथून लाखो लोक पळाले, त्यांत दवाखाने बंद करून गेलेले खाजगी डॉक्टरही होते. ऑक्टोबरपर्यंत देशात ६९३ संशयित रोग्यांच्या रक्ताची तपासणी प्लेगकडे बोट दाखविणारी निघाली, त्यांपैकी ४८८ महाराष्ट्रातले; मृत्यू ५६, ते मुख्यतः सुरतचे.

मी तेव्हा पंचविशीच्या आतला. बीडच्या बसस्थानकावर तोंडाला रुमाल बांधलेली माणसे, टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी लागलेल्या रांगा आणि भिंतीच्या कडेने पांढरी पावडर मारीत जाणारी माणसे मला दिसतात. ही पावडर मारणारी माणसे रोजंदारीवरची होती. घरात शिरून, उंदराची बिळे शोधून, वाकून पावडर मारायची. पिसू पहिली उडणार ती त्यांच्याच पायावर. त्यांच्यातल्या दोघांना मी ओळखत होतो. गोळ्या दिल्या का विचारले, तर एक म्हणाला, "दिल्या की, पन आमी त्या घरला नेल्या, लेकरांसाठी."

हा प्लेग होता की नव्हता, ह्यावर तेव्हा बरेच दिवस वाद चालला, कारण सुरुवातीला रोग्यांचे नमुने वेळेवर व नीट घेतले गेले नाहीत. अखेर त्या साथीतून जमविलेले जंतू प्लेगचेच होते, हे २००० साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी अनुवंशद्रव्याच्या तपासणीने दाखविले. शंभर वर्षांपूर्वी चोक्सींनी रोग्यांची जी शिस्तीत मोजणी केली, ती १९९४ साली आपल्याला पहिल्या आठवड्यात साधली नाही, हे मला बोचते.

आता त्या बाईंच्या कागदाचे उत्तर. ते मला सापडले सेवाग्रामला. वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी बाहेरच्या संशोधकांसह आपल्याच इस्पितळातल्या ७२६ कर्मचाऱ्यांची तपासणी केली. त्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, शिकणारी मुलेमुली होती आणि इतर नोकरही होते. प्रत्येकाच्या हातावर क्षयाची सुई टोचली आणि रक्तावरही नवी तपासणी केली. २००५ साली तो निबंध अमेरिकेच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोहोंपैकी निदान एका तपासणीत ज्यांच्या शरीरात क्षयाचा जंतू शिरल्याची खूण दिसली, असे ३६० निघाले, म्हणजे अर्धे. दोन्ही तपासण्यांत मिळून २२६. जंतू शिरला म्हणजे रोग झालाच असे नव्हे; तो वर्षानुवर्षे निजून राहतो आणि अंगातली ताकद कमी झाली की उठतो. खेड्यापाड्यांतही जंतू असतोच, हेही खरे. पण त्याच निबंधात पुढे असे आहे, की वय आणि इस्पितळाच्या धंद्यात घालविलेली वर्षे जितकी जास्त, तितके जंतू शिरलेल्यांचे प्रमाण जास्त.

मी हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. कोणी तरी मोजले होते. आणि दुसऱ्याचे नव्हे, स्वतःच्याच घरातले मोजून जगापुढे ठेवले होते. त्या संस्थेचा मोठेपणा मला त्यात दिसतो.

दुसरे उत्तर कायद्यातच पडून होते आणि आम्ही युनियनवाल्यांनीही ते नीट वाचलेले नव्हते, हा आमचा दोष. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्याला एक तिसरे परिशिष्ट होते. धंद्यातून जडणाऱ्या रोगांच्या त्या यादीत अगदी पहिली नोंद संसर्गजन्य रोगांची होती, आणि तिच्यासमोर आरोग्यसेवा व प्रयोगशाळा ही कामे लिहिलेली होती. कलम असे होते, की अशा कामावरच्या माणसाला असा रोग जडला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, तो कामामुळेच जडला असे धरावे. म्हणजे पुरावा त्या बाईंनी द्यायचा नव्हता; नाही म्हणणाऱ्याने द्यायचा होता! गिरणीत बोट तुटले की दावा लावायचा हे आम्हाला पाठ होते. फुफ्फुस तुटते तेव्हा आवाज होत नाही, म्हणून आम्ही ते पान उलटून पुढे गेलो होतो. त्या कायद्याच्या जागी आता २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आहे. रोगांची ती यादी तिच्यातही आली आहे.

आम्ही सेवाग्रामचा निबंध आणि कायद्याचे पान, दोन्ही जोडून फिरून अर्ज केला. कंत्राटदाराचे वकील दोनदा तारीख मागून घेऊन तिसऱ्यांदा तडजोडीला आले. रक्कम मिळाली, मागितली त्याच्या निम्मी. कामावर परत घेतले नाही. बाईंनी सहा महिने गोळ्या न चुकता घेतल्या आणि त्या बऱ्या झाल्या. हल्ली त्या भाजी विकतात. ताजी मेथी असली की मला वर एक जुडी देतात आणि पैसे घेत नाहीत, त्यावरून आमचे दर वेळी भांडण होते.

हे सारे पालीत येऊन सांगण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या बिंदुसरेच्या बाजूला इन्फंट इंडियाचे आनंदवन आहे. एच.आय.व्ही. घेऊन जन्मलेली मुले तेथे वाढतात, गोळ्या खातात, शाळेत जातात. त्यांना जेवू घालणारी, तापात उशाशी बसणारी माणसे आपल्यातलीच आहेत. हा रोग शिवण्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही, हे जगाला कळले ते अशा घरांतल्या आणि वॉर्डांतल्या सेवा करणाऱ्या माणसांची वर्षानुवर्षे तपासणी झाली तेव्हा. प्लेगच्या परिचारिकांनी नकळत दिला होता तसलाच हा पुरावा. सुई टोचली गेली तर मात्र धोका असतो, आणि तेव्हा पहिल्या काही तासांत औषध सुरू करायचे असते. बहात्तर तास उलटून गेले तर उपयोग नाही. आपल्या ओळखीचे कोणी दवाखान्यात कचरा उचलत असेल तर त्याला एवढे आजच्या आज सांगा. कचऱ्याच्या पिशवीतली सुई टोचते ती डॉक्टरला नव्हे, त्यालाच.

आमच्या कचेरीत आता एक वही ठेवली आहे, साधी दोनशे पानी. इस्पितळात, दवाखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारा आमचा सभासद असेल, तर त्याचे नाव, कोणत्या वॉर्डात, कोणत्या तारखेपासून, सुई टोचली ती तारीख, खोकला सुरू झाला ती तारीख, थुंकी तपासली ती तारीख, असे रकाने पाडले आहेत. पहिले पान त्या बाईंच्या नावाचे आहे. दुसरे मामल्याला पावडर मारायला गेलेल्या एका गड्याचे. तो आज साठीच्या पुढे आहे, त्याला काही झालेले नाही, आणि त्याच्या रकान्यात तसेच लिहिले आहे.